बाहुल्या हलत नव्हत्या

"मण्यार चावलीय," मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा माझ्या पापण्या आपोआप मिटत होत्या. अंगावर सूज नव्हती. पहाटे जमिनीवरच्या अंथरुणात पोटात कळ आली, मला वाटलं अपचन असेल. हा साप चावलेला बहुतेकदा कळतच नाही.

अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, दिलं. तरी श्वास अडकू लागला. कल्याणच्या मोठ्या रुग्णालयात नेऊन मला व्हेंटिलेटरवर ठेवलं. आपल्याऐवजी श्वास घेणारं हे यंत्र. पुढे बोटही हलेना. ऐकू मात्र सगळं येत होतं, आणि ते कोणालाच माहीत नव्हतं.

एका डॉक्टरांनी माझी पापणी वर करून बॅटरी मारली. "बाहुल्या फैलावल्यात, उजेडानं आकसत नाहीत. मेंदू गेला असावा."

मला तो उजेड दिसत होता.

किन्हवलीहून माझा भाऊ आला होता. तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "दाजी, आता तिचे हाल नको. घरी नेऊ." मग नवऱ्याचा आवाज आला, "नेऊ. मोकळी करा तिला."

मी आतल्या आत ओरडत राहिले. यंत्र शांतपणे मला श्वास देत राहिलं.

तेवढ्यात तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. मण्यार हे नाव ऐकताच म्हणाल्या, "बाहुल्या बघायची पद्धत चुकीची नाही. पण हे विष बाहुल्याही लुळ्या पाडतं. एवढ्यावरून मेंदू गेला म्हणता येत नाही. थांबा." मग माझ्या कानाशी वाकल्या. "ताई, तुम्हाला ऐकू येत असेल. विष उतरेल. घाबरू नका." जागेपणी हे सोसावं लागू नये म्हणून जाताना त्यांनी मला गुंगीचं औषधही सुरू करायला लावलं.

काही दिवसांनी पायाचा अंगठा हलला. मग पापणी. मी चालत घरी आले. त्या बाईंचे उपकार फिटायचे नाहीत.

तुमचं माणूस असं निपचित पडलं असेल, तर डॉक्टरांना विचारा, हे विषामुळे असेल का. आणि खाटेजवळ जपून बोला.

डोळे मिटले की अजून तो आवाज येतो. मोकळी करा तिला. त्यात दुष्टपणा नव्हता, त्याच्यानं बघवत नव्हतं, हे मला कळतं. तरी येतो.

परवा बांधावर भाकर खाताना नवऱ्यानं विचारलं, "तुला तिथं ऐकाया येत होतं का गो?"

"यंत्राचा आवाज येयाचा."

"आणखी?"

"आणखी काय नाय."

त्यानं हातातला घास खाली ठेवला, आणि तो तोंड फिरवून रडू लागला.