कमळामावशीचा सांबार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीतल्या मैत्रिणीलाही नाही. आत्तासुद्धा वाटतंय – आधी धने-कोथिंबिरीबद्दलच बोलावं, म्हणजे माझ्याबद्दल बोलायला जरा उशीर होईल.

मी लातूरला शेतकी शिकते. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आमच्याकडे बियाणे बँक आहे. गावोगावचे जुने वाण तिथे जपतात. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाने आपल्या गावचा एक वाण आणायचा होता. आमच्या कंधारकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आणि शेजारच्या कमळामावशीसारखा सांबार कुणाकडेच नव्हता – बुटका, बारीक पानांचा, काडी मोडली की वास थेट आमच्या ओसरीपर्यंत. बी तिच्या सासूच्या हातचं.

तिने होते नव्हते तेवढे धने दिले. बँकेत राहणार, मग घरात कशाला, म्हणाली. पण पिशवी उघडली तर सगळे फोडलेले. पेरण्याआधी धने रगडून दोन फाका करतात ना – ते तिने माझ्यासाठी करून ठेवलं होतं. "तुझे हात पेन धरायचे. तुला कुठं जमतंय रगडायला?"

बँकेत अख्खेच धने घेतात. फोडलेले फार टिकत नाहीत. हे तिला आधी सांगायचं मीच विसरले होते.

सरांना सांगितलं असतं तर? त्यांनी ते लगेच कॉलेजच्या वाफ्यात पेरायला लावले असते. तीन-चार महिन्यांत अख्खे धने हातात. एवढंच – एवढंच करायचं होतं! पण वर्ग हसेल, एवढं साधं हिला कळत नाही म्हणेल, याची भीती वाटली. मी बाजारातून पावशेर धने आणले आणि पुडीवर कमळामावशीचं नाव लिहिलं. सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी मान खाली घातली. ती त्यांना नम्रता वाटली. मावशीची पिशवी माझ्या पेटीतच राहिली. पावसाळ्यात तिला बुरशी आली.

पुढच्या हंगामात मावशीने मूठभर बी परत मागितलं. कधीही मिळेल, असं मीच सांगितलं होतं. मी बँकेतून आणून दिलं – हो, तेच.

दिवाळीला गेले तेव्हा ती वाफ्याशी बसली होती. काडी चुरगळायची, नाकाशी न्यायची, टाकून दुसरी घ्यायची.

"वासच येईना गं," ती म्हणाली. "माझंच नाक गेलं दिसतंय."

तेव्हा तरी बोलायचं की नाही? मी काय म्हणाले, सांगू?

"हाव मावशी. वयानं होतं तसं."

पुडी अजून बँकेत आहे, तिच्याच नावाने. आणि मावशी आता भाजीत सांबार टाकला की सुनेला हाक मारते, विचारते – वास आला का?