पाच नवऱ्यांचा कारकून

दोह्यात मी तांदूळ आणि फ्रिज विकणाऱ्या एका अरब व्यापाऱ्याकडे कारकून होतो, पण माझी खरी नोकरी शुक्रवारी दुपारी सुरू व्हायची. जुम्म्याची नमाज झाली, मासळी-भात पोटात गेला, की खोलीतले पाच जण एकेक कोरा कागद घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसायचे. पाचही आमच्याच खाडीकाठच्या गावचे, पाचही लग्नाचे आणि पाचही निरक्षर. मॅट्रिकपर्यंत गेलेला मी एकटा, आणि बिनलग्नाचाही मी एकटाच. त्यामुळे वयाच्या चोविसाव्या वर्षी, स्वतःची एकही बायको नसताना, मी पाच बायकांना नेमाने पत्रं लिहीत होतो.

सुरुवातीला मी प्रत्येकाला विचारायचो, "काय लिहू?" प्रत्येकजण छताकडे बघायचा आणि म्हणायचा, "लिव आपला, बरा हाय म्हनून." मग मीच एक पत्र तयार केलं. बाद सलाम, आम्ही इकडे अल्लाच्या मेहेरबानीने खुशाल आहोत, तुमची खुशाली नेक चाहतो. इथली हवा उत्तम आहे. खाण्यापिण्याची चंगळ आहे. तुझी आठवण येते. म्हाताऱ्यांना जप. बकरी व्यायली असल्यास कळव. हे पत्र मी दोन वर्षं पाच प्रतींत लिहिलं. नाव तेवढं बदलायचो. कारकुनाला दुसरं काय येतं?

घोटाळा एवढाच होता की ही पाचही पत्रं गावात एकच व्यक्ती वाचायची. आमच्या मास्तरांची मुलगी सातवी पास होती. मोहल्ल्यातल्या बायका आलेला कागद पदराखाली घालून तिच्याकडे जायच्या, ती वाचून दाखवायची आणि त्यांच्या वतीने उत्तरही तीच लिहायची. एकदा उत्तर आलं, "आमच्याकडे बकरी नाही. पुढच्या वेळी पत्रासोबत एक पाठवून द्यावी." ज्याचं पत्र होतं तो गडी खुळ्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. मी हसून हसून लोळलो. मग तिच्या पुढच्या पत्रांत मी असल्या ओळी शोधायला लागलो, आणि माझ्या पत्रांत मुद्दाम चुका पेरायला लागलो. नवरे पाच, बायका पाच, आणि पत्रव्यवहार आमचा दोघांचा. याची त्या दहा जणांना गंधवार्ता नव्हती.

मी तिला लहानपणी विहिरीवर पाहिली होती, तेवढीच. पण तिचं अक्षर मला आता आगबोटीच्या भोंग्याआधी ऐकू यायचं, असं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. काढोत. मी तिच्या प्रेमात पडलो होतो, आणि तेही परक्यांच्या बायकांच्या पत्रांतून.

म्हणून मी माला, म्हणजे माझ्या आईला, लिहिलं, की माझ्यासाठी मास्तरांच्या घरी विचार. माला लिहितावाचता येत नव्हतं. म्हणजे माझी मागणी माला कोणी वाचून दाखवली असेल ते सांगायला नको. माच्यासमोर बसून मास्तरांच्या मुलीनेच स्वतःची मागणी मोठ्याने वाचली.

महिन्याभराने माचं पत्र आलं. "मुलीकडचे विचारतात की परदेशात राहण्याचे फायदे कोणते आणि तोटे कोणते. दोन्ही सविस्तर लिहावे. त्यावर ते विचार करतील." आता माझी मा जन्मात 'सविस्तर' हा शब्द बोललेली नाही. तिच्या बोलण्यात शब्दांपेक्षा शिव्या जास्त. प्रश्न कोणाचा होता ते उघड होतं. पाच जणांना पाठवलेलं पत्र सहाव्यांदा नको होतं तिला, खरं हवं होतं. आणि ते खरं माझ्या आईसमोर मोठ्याने वाचलं जाणार होतं. माझं लग्न या एका कागदावर येऊन अडलं.

शुक्रवारी मी खोलीत सांगितलं, आज तुमची पत्रं बंद, आज माझं. पाचही जण खुशीत पुढे सरकले. दुसऱ्याच्या लग्नात अक्कल वाटायला कोण मागे राहतो?

"आधी फायदे सांगा," मी म्हटलं.

"पगार," एक म्हणाला.

"तो आहेच. दुसरं?"

सगळे छताकडे बघायला लागले. मग एकाने सांगितलं की इथे रुपया आपलाच चालतो (तेव्हा आखातात हिंदुस्थानचाच रुपया चालायचा), परदेशात आल्यासारखं वाटत नाही. हा फायदा की तोटा यावर वाद झाला. दुसरा म्हणाला, खजूर. तिसरा म्हणाला, सुरमई आपल्याकडच्यापेक्षा मोठी. मी माझ्याकडून एअरकंडिशनर घातला. माझ्या शेठच्या दुकानात तो होता आणि दुपारी गिऱ्हाइकांपेक्षा शहरातले रिकामटेकडेच त्याच्यासमोर जास्त उभे असायचे. मग मी एक फायदा असा लिहिला जो कोणी बोलत नाही: इथे गावकी नाही. कोणाच्या वडिलांनी कोणाच्या बांधावरचा फणस तोडला होता, हे इथे कोणी विचारत नाही. पँटला इस्त्री करून सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून, फिरलं तर कोणी म्हणत नाही, बघा, अमक्याचा पोरगा साहेब झाला. इथे मी कोणाचाच पोरगा नव्हतो, आणि ते मला आवडत होतं. हे ऐकून माने कपाळाला हात लावला असणार.

"आता तोटे," मी म्हटलं, आणि पाचही जण एकदम बोलायला लागले.

पाणी. गाढवावरून डबे यायचे आणि चहा खारट व्हायचा. नंतर समुद्राचं पाणी गोडं करून मिळायला लागलं, तर लोक म्हणाले याला चवच नाही. माणसाला समाधान कसं ते नाहीच. उन्हाळा असा, की दुपारी दाराच्या कडीला हात लावला तर फोड यायचा, आणि दमट वारा सुटला की गच्चीवर अंथरलेली चादर पिळून घ्यावी लागायची. नारळ नाही. कोकणी माणसाला नारळाशिवाय जगायला लावणं हा खरं म्हणजे गुन्हा आहे. मुंबईहून गलबतातून आलेले चार नारळ आम्ही सहा जणांत फोडले तेव्हा भांडण हातघाईवर आलं होतं. रोज संध्याकाळी तेच चेहरे, रात्री तेच घोरणं. दोन-दोन वर्षं बाईचा आवाज नाही. गावाकडे कोणी मेलं, तर बातमी येईतो मयताचा चाळिसावा दिवस तोंडावर आलेला असायचा. रडायला बसावं, तर तिकडे लोक रडून मोकळे झालेले.

आणि शेठ. पगारवाढ मागितली की शेठ हसून म्हणायचा, "इन्शाल्ला." आम्हीही मुसलमानच, पण आमच्या गावात इन्शाल्ला म्हणजे देवाने केलं तर होणार. शेठच्या तोंडी त्याचा अर्थ 'विसरा' असा होता, हे समजायला मला वर्ष लागलं.

त्या पाचांत एक चाचा होते. पन्नाशीकडे झुकलेले, आधी बोटीवर, मग बहरीनला आणि आता दोह्यात एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर खानसामा. खोलीतली मासळीही तेच रांधायचे. सगळ्यांचं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "माजा एक लिव."

"बोला चाचा."

"साहेबाला च्यात साखर किती लागते ते मना म्हाईत हाय. त्याच्या बायकोला किती, त्याच्या पावन्याला किती, समदा ठावं. माजी बायको च्यात साखर किती घेते, ता मना ठावं नाय. अठरा वरसं झाली लग्नाला."

कोणीतरी खोकलं. मी ते लिहिलं, शब्द न बदलता. फक्त नाव घातलं नाही. पण वाचणारीला पाचही घरं माहीत होती.

दोन पानं भरली. फायदे पाऊण पान, तोटे सव्वा. मला वाटलं, बघ, मी किती खरा माणूस आहे. खरं बोलण्याचीही ऐट असते आणि ती माझ्यात त्या दिवशी चांगलीच भरली होती.

उत्तर आलं. आधी माची नेहमीची खुशाली, नारळ किती पडले, कोणाची भांडणं झाली. मग: "मुलीकडच्यांना पत्र आवडले. फायदे वाचून हसू आले. तोटे सगळे पटले. पण इतके तोटे असताना आपण तिथे का राहता, ते लिहिलेले नाही. परत येणार असाल, तर पुढचे बोलता येईल."

आता सांगतो, यात अवघड काहीच नव्हतं. मला ती हवी होती. ती परत ये म्हणत होती. तालुक्याला कचेरीत चिकटवून देणारा एक ओळखीचा माणूसही होता. आगबोट पंधरवड्याने सुटत होती. मी उत्तर लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीवर अडलो. का राहतो मी इथे? पगारासाठी म्हणावं, तर पाच नवऱ्यांचं पत्र झालं असतं. खरं उत्तर असं होतं, की मी भीत होतो. गावात मी 'दोहेवाला' होतो. सुट्टीवर गेलो की लोक धक्क्यावर ट्रंक उचलायला पुढे यायचे. परत गेलो असतो तर आठ दिवसांत अमक्याचा मॅट्रिक नापास पोरगा झालो असतो. होय, नापास. 'मॅट्रिकपर्यंत' म्हणजे काय ते समजून घ्या. हे तिला लिहिण्याची माझी हिंमत झाली नाही. दारावरची कडी आणि खारट चहा लिहायला हिंमत लागत नाही.

एक आगबोट गेली. दुसरी गेली. तिसऱ्या आगबोटीने मी लिहिलं, "अजून दोन वर्षं. मग कायमचा येतो, इन्शाल्ला."

लिहिताना माझा शेठ मला दिसला नाही, हे मी शपथेवर सांगतो. पेटीत पत्र पडल्यावर दिसला.

माचं उत्तर शुक्रवारीच हातात पडलं. खोलीत रिवाज होता: आलेलं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. मी पाच जणांच्या घरचे मृत्यू, बाळंतपणं, सासू-सुनेच्या कागाळ्या, सगळं सगळ्यांसमोर वाचलं होतं. माझं पत्र आलं तेव्हा पाचही जण आधीच वर्तुळ करून बसले. लग्नाच्या गोड जेवणात तूप किती घालायचं यावर त्यांचं ठरतही होतं.

मी वाचलं. "बाद सलाम. मास्तरांच्या मुलीचे लग्न पलीकडच्या गावातल्या शाळामास्तरांशी ठरले. येत्या जुम्म्याला निकाह आहे. मी तिला म्हटले, थोडे थांब. ती म्हणाली, मोहल्ल्यात थांबणाऱ्या पाच जणींची पत्रं मी लिहिते, सहावी मला व्हायचे नाही. मुलगी माझ्यासमोर बसून हे लिहीत आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. तब्येतीला जप."

अक्षर नेहमीसारखंच होतं, एकही खाडाखोड नाही. मी एकही ओळ गाळली नाही. शेवटच्या ओळीवर थांबलो, पाणी प्यायलो आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. फार दुखलं. एवढं मोठं दुखणं मला आहे, हे त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.

तुपाचा विषय संपला. मग चाचांनी खिशातून घडी घातलेला कोरा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"माजा पत्र लिव."

मी सवयीने सुरुवात केली. बाद सलाम, आम्ही इकडे खुशाल...

"ता खलास कर," चाचा म्हणाले. "लिव, पुढच्या आगबोटीनं येतोय. ट्रंक घेऊन येतोय. परत जायचा नाय."

"चाचा, नोकरी?"

"साहेबाला दुसरा खानसामा मिलंल."

मी लिहिलं. चाचांना गावात काय काम मिळणार होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. माझ्या दोन पानांत मी जे सगळं लिहिलं होतं, ते खोलीत एका माणसाला नीट समजलं होतं, आणि तो वाचायलाही शिकलेला नव्हता.

पंधरवड्याने मी त्यांना किनाऱ्यावर सोडायला गेलो. आगबोट दूर खोल पाण्यात उभी होती, तिथवर होडीतून जायचं. होडीत चढताना त्यांनी मला विचारलं, "येतंस काय?" थट्टेने नाही, खरोखर विचारलं. होडीत जागा होती. मी म्हटलं, "पुढच्या खेपेला, चाचा," आणि दुकान उघडायची वेळ झाली होती म्हणून परत फिरलो. पुढे अकरा वर्षं मी दोह्यात राहिलो.