शेजारच्या कोठडीतला

निवृत्त होऊन गावी, कुरुंद्याला परतलो, त्यानंतर तिसऱ्या वर्षीची गोष्ट. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती. दुपारी एक माणूस फाटकाशी येऊन डोळे मिटून उभा राहिला.

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

आवाज ऐकल्यावर त्यानं डोळे उघडले. "तुमीच. आता बराबर ओळखलं."

मी त्याला डोळ्यांवरून ओळखलं. एका मोठ्या तुरुंगात एकांत कोठड्यांवर मी सात वर्षं पहारा केला. तिथल्या शेवटच्या कोठडीत हा होता. दाराच्या झडपेतून फक्त डोळे दिसायचे. दिवसातला एक तास त्याला उंच भिंतींच्या चौकात एकट्याला सोडायचे, बाकी वेळ आत. दिवा कधी विझत नसे. त्याच्याशी बोलायचं नाही, असा हुकूम होता; आम्हा पहारेकऱ्यांचं आपसातलं बोलणं तेवढं त्याच्या कानावर जायचं. एकदा त्यानं विचारलं, "साहेब, आज वार कोणता हाय?" बोली आमच्याच भागातली, सेनगावकडची. ती कळूनही मी ताट आत सरकवून पुढे गेलो. नंतर कोर्टानं त्याला निर्दोष सोडल्याचं कानावर आलं होतं.

"माझं घर कोणी सांगितलं?"

"शेजारच्या कोठडीतल्यानं. कुरुंदा, दारातला लिंब, तुमची आई वारली ते, सारं. भिंतीपलीकडून रोज बोलायचा. तो सुटला का, तेवढं विचारायला आलो."

शेजारची कोठडी सातही वर्षं रिकामी होती. किल्ली माझ्याकडेच असायची. आई गेल्याचं कळलं त्या दिवशी मला रजा मिळाली नव्हती. तेव्हा त्या कोठडीत बसून मी रडलो होतो. आईशी, घराशी मोठ्यानं बोललो होतो.

मी त्याला तसं सांगितलं. "तिथं कोणीच नव्हतं. तो आवाज माझा होता."

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "तो एक दिवस तुमी असाल. मग बाकीची वर्सं?"

बायकोनं चहा आणून दिला. ओट्यावर मोकळी जागा असूनही तो भिंतीला कान टेकून बसला.

"घरी बायको बोलती, लेकरं बोलतात," तो म्हणाला. "पण त्याचा आवाज येत न्हाई. त्याला वाटत असंल, मी न सांगता निघून आलो." मग त्यानं विचारलं, "त्याला जेवाय देतात का?"

खरं एकदा सांगून झालं होतं. "देतात," मी म्हणालो. "दोन्ही वेळ."

"अन् कोणी बोलतं का त्याच्यासंगं?"

"न्हाई."

त्यानं मान हलवली आणि उठला. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत लक्षात आलं, मी त्याच्यामागं चार पावलांवर चालतोय आणि तोही मागं वळून बघत नाही. औंढ्याची जीप आली. मी "चढा" म्हणेपर्यंत तो तिच्या दाराशी उभाच होता.