हे नदी आहे, माय काढून द्या

चिडका स्वभाव आणि बालवाडी यांचं जमत नाही, असं माझी सासू म्हणते. माझं जमलं, कारण त्या वयाची पोरं माझ्या रागाला भीकच घालत नाहीत. रोज सकाळी भंडाऱ्याहून स्कूटीवर नदीवरचा पूल ओलांडून मी पलीकडच्या कारध्याला जाते आणि लहान मुलांना चित्रकला शिकवते. शिकवते म्हणजे काय, खडू कुणाच्या तोंडात जाऊ देत नाही आणि रंगाचं पाणी कुणी पीत नाही ना, तेवढं बघते.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, चला, आज हत्ती काढू. फळ्यावर हत्ती उमटला तशी दोन वेण्यांची एक पोरगी उठली आणि फळ्यामागे जाऊन बघून आली. आत अजून किती हत्ती आहेत, ते तिला पाहायचं होतं. चूक तिची नव्हती. आपण विहिरीतून बादली काढतो, पायातला काटा काढतो आणि चित्रही काढतोच. तेव्हापासून वर्गात पक्कं ठरलं, की फळ्याच्या आत सगळं भरलेलं आहे आणि मॅडमला ते बाहेर काढता येतं. वाघाची फर्माईश आली, तेव्हा तिनंच मला बजावलं, "पूरा नका काढू मॅडम, चावते मंग." मी शेपूट आणि मागचे पाय काढून थांबले. मलाही बरंच वाटलं, कारण माझ्या वाघाचं तोंड नेहमी मांजराचं होतं.

एका पठ्ठ्यानं सूर्य हिरवागार रंगवला. मी डाफरले, तर तो शांतपणे म्हणाला, की कच्चा आहे, पिकल्यावर लाल होते. आता यावर काय बोलणार, कप्पाळ?

त्याच वर्गात चार वर्षांची एक मुलगी होती. बडबडी, रंग सांडण्यात पटाईत. पावसाळा सरता सरता तिची आई काविळीनं गेली. आजीनं नदीवर जाऊन राख पाण्यात शिरवली, तेव्हा ही मामाच्या कडेवर होती. माय कुठं गेली म्हणून हिनं धोशा लावला आणि आजीच्या तोंडून निघून गेलं, की नदीत गेली. आजीनंच मला हे सांगितलं. लेकीच्या लेकराला आणखी काय सांगायचं, असं तिचं म्हणणं. मला तिचा रागच आला, पण त्याहून बरं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

मुलगी पुन्हा वर्गात येऊ लागली, पण बोलायची नाही. एक दिवस तिनं अख्खा कागद निळ्या रंगानं भरून टाकला, कोपरासुद्धा सोडला नाही. मला हायसं वाटलं. शाबासकी द्यायला मी पाठीवर हात ठेवला, तर तिनं ब्रश माझ्या हातात दिला.

"मॅडम, हे नदी आहे. माही माय काढून द्या."

नाही कसं म्हणणार? तिच्या आईला मी कधी पाहिलंही नव्हतं. ती सकाळीच कामाला जायची, म्हणून सोडायला आजीच यायची. मी विचारत गेले, मुलगी सांगत गेली. पातळ हिरवं. बांगड्या पण हिरव्या. कानात फुलांच्या जागी काडी. उजव्या हातावर भाजल्याचा डाग. तो काढायला मी विसरले, तर तिनं आठवण करून दिली. मी डाग काढला. चेहऱ्यापाशी येऊन मी अडले. दोन वेण्यांची पोरगी मागे उभी राहून बघत होती. तिला वाटलं, वाघासारखं हेही मी अर्ध्यावर सोडते आहे.

"पूरी काढा मॅडम," ती म्हणाली. "माय चावत नाही."

मी पूर्ण काढली. मुलीनं कागद जमिनीवर ठेवला आणि शेजारी मांडी घालून बसली. खिचडी आली तरी उठली नाही. बाकीची मुलं घरी गेली. आजी न्यायला आली, तर हिनं तिलाही खाली बसवलं. माय ओली आहे, सुकू दे, मग घरी जाऊ, असं तिनं आजीला समजावलं. आजी तोंडाला पदर लावून त्या कागदाकडे पाहत बसली.

रंग वाळला. मुलीनं बोट लावून पाहिलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलावंसं फार वाटत होतं. शेवटी मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं, की बाळा, मला फक्त कागदावर काढता येतं, नदीतून काढता येत नाही.

ती रडली नाही. तिनं सरळ विचारलं, "मंग कोनाले येते?"