सुंदराबाई ओव्हाळ यांच्या हातचा अँप्लिफायर

सुंदराबाई ओव्हाळ तारेचे वेढे मोजत असल्या की दारात कुणीही येवो, मान वर करत नाहीत. ही सवय कारखान्यातली. एकोणीसशे त्र्याहत्तर साली त्या लोणी काळभोरच्या एका रेडिओच्या कारखान्यात लागल्या. तिथं कॉइल गुंडाळणाऱ्या बायकांच्या टेबलाशी साहेबसुद्धा गप्प उभा राहायचा. मधेच कुणी हाक मारली आणि आकडा चुकला, की दोन हजार वेढे उलगडा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करा.

समर्थ आणि ऋतुजाला हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. कसबा पेठेतल्या त्या अरुंद दुकानाच्या पायरीवर दोघांनी मिळून एक जडशी काळी पेटी आणून आदळली.

"हॅलो आंटी! अंकल आहेत का?"

समर्थनं वरच्या पाटीकडे बोट केलं.

"आंटी, पोपट अंकल? बोर्डवर नाव आहे ना?"

सुंदराबाईंची बोटं फिरत राहिली.

"बहिऱ्या आहेत वाटतं," समर्थ ऋतुजाला म्हणाला.

चार-पाच मिनिटांनी सुंदराबाईंनी तार तोडली, टोकाला गाठ मारली, कागदावर आकडा लिहिला आणि चष्मा वर केला. "बहिरी नाही, मोजत होते. आणि अंकल वारले. नऊ वर्षं झाली. काय आणलंय?"

बोर्डावर 'पोपट रेडिओ अँड ट्रान्झिस्टर्स' आहे हे खरं. पोपटराव ओव्हाळ बाहेर गल्ल्यावर बसायचे, गोड बोलायचे, पावती फाडायचे. पडद्यामागे सोल्डरिंगचा धूर खात सुंदराबाई बसायच्या. आधी कारखान्यातून आल्यावर, आणि कारखाना बंद पडल्यावर दिवसभर. दुरुस्त रेडिओ घेऊन जाताना गिऱ्हाइकं म्हणायची, "पोपटराव, तुमच्या हातात जादू आहे हो." पोपटराव हसायचे. पितही नसत, मारतही नसत, बायकोच्या पगाराला हात लावत नसत. फक्त 'हे हिनं केलंय' एवढं वाक्य चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. वाईट माणूस असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

तर पेटी. आत बहात्तर सालचा विलायती गिटार अँप्लिफायर होता, व्हॉल्व्हवाला, म्हणजे आत तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचा. कॅम्पातल्या कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला. समर्थनं तो मिळवला होता आणि त्यातून ब्रही निघत नव्हता. या मुलांचा बँड होता, नाव 'कॉपर लेन'. तांबट आळीची पाटी बघून सुचलं म्हणे. चौघंही राहायला बाणेर आणि कोथरूडला. केस खांद्यापर्यंत, पायाशी घेरदार पँटी, आणि सगळा आग्रह एकच: गाणं सत्तर सालासारखं वाजलं पाहिजे. कॉम्प्युटर नको, मोबाइल नको, गावोगाव जायचं आणि समोर उभ्या माणसांसाठी वाजवायचं.

"पण आजी, तुमच्या काळातलं म्युझिक आहे हे!" ऋतुजा म्हणाली. ती गायची.

"माझ्या काळात मी दोन शिफ्टमध्ये रेडिओ जोडत होते," सुंदराबाई म्हणाल्या. "ट्रान्सफॉर्मर जळलाय याचा. नवा गुंडाळावा लागेल. आठ दिवस. मधे येऊन बडबडायचं नाही."

आठव्या दिवशी त्यांनी पेटी चालू केली. व्हॉल्व्ह तापू दिले. उघड्या पेटीत हात घालताना त्यांनी एक हात पाठीमागे धरला होता, कारण चारशे व्होल्टला दोन्ही हात दिले तर करंट छातीतूनच जातो. समर्थनं गिटारची एकच तार छेडली. दुकानातल्या डब्यांतले स्क्रू थरथरले. पोरगं पाणावल्या डोळ्यांनी बघत राहिलं. सुंदराबाईंना गाणं कधी फारसं कळलं नाही, आवाज कळला. मधासारखा दाट, कडेला किंचित फाटलेला. हा आपण गुंडाळलेल्या तारेतून येतोय हे त्यांना कळलं, आणि कुणाला सांगावं हे कळलं नाही.

सांगायची वेळ सांगलीत आली. कॉपर लेननं टेम्पो करून नाशिक, कोल्हापूर, सांगली असा दौरा काढला, आणि वाटेत पेटी बिघडली तर काय, म्हणून सुंदराबाईंना पुढच्या सीटवर बसवून नेलं. सांगलीत तिसऱ्याच गाण्याला एक व्हॉल्व्ह गेला. टॉर्च तोंडात धरून त्यांनी तो तीन मिनिटांत बदलला. मग ऋतुजानं माइकवर सांगितलं, "ही आमची सुंदरा आजी! हा साउंड तिच्या हातचा आहे!" चारशे पोरं ओरडली. सुंदराबाईंनी पदर सारखा केला आणि पेटीचे स्क्रू पुन्हा तपासत बसल्या. तपासायचं काही नव्हतं.

घरी आल्यावर नात दीक्षानं विचारलं, "मग? हिरॉइन?"

"नाव घेतलं गं माझं. माइकवर."

"त्यात काय, टेम्पोचं नावही घेतात."

"टेम्पोचं नाही घेतलं," सुंदराबाई ठासून म्हणाल्या.

दीक्षा बँकेत आहे, तिला उगाच विरघळायची सवय नाही. पण आजी रात्री दोनदा तेच सांगते हे तिनं पाहिलं आणि पुढची टोचणी गिळली.

मग मोठा दौरा ठरला. बंगळूर, हैदराबाद, गुवाहाटी, शिलाँग. समर्थनं दुकानात येऊन सांगितलं, "आजी, तुम्ही पाहिजेतच. टी-शर्ट करतोय. पाठीवर शहरांची नावं आणि खाली क्रू. पहिलं नाव तुमचं." सुंदराबाईंनी मंगळवार पेठेतल्या सगळ्या शेजाऱ्यांना शिलाँग कुठं आहे ते समजावलं. रेडिओ दुरुस्तीला आलेल्या तिघांना दोन महिन्यांनी या म्हणून परत पाठवलं. दीक्षा म्हणाली, "लिहून घे काहीतरी." त्या म्हणाल्या, "त्यांनी मला आजी म्हटलंय."

दौऱ्याला आठवडाभर असताना समर्थ आणखी एकाला घेऊन आला. त्याच्याकडे लॅपटॉप होता आणि टोस्टरएवढा एक डबा. "आजी, अँपचं जरा रेकॉर्डिंग घ्यायचंय."

घ्या की. सुंदराबाईंनी आधी सगळे सांधे पुन्हा पक्के केले. पोरांनी घाई केली तर दटावलं, "अर्धा तास तापू द्या. थंड पेटी खोटं बोलते." कोणती बटणं कुठवर नेली की आवाज कुठं फाटतो, हे एकेक करून दाखवलं. नव्या व्हॉल्व्हची जोडी त्या जपून ठेवत आल्या होत्या, तीही घातली. दिवसभर तो माणूस शिट्टीसारखे आवाज पेटीत सोडत राहिला आणि डब्यात परत घेत राहिला. गाणं एकही वाजलं नाही. हे कसलं रेकॉर्डिंग, असं त्यांच्या मनात आलं. पण विचारलं नाही. इथं त्या चुकल्या. आयुष्यभर ज्या बाईला कुणी काही विचारलं नाही, ती कुणी विचारतंय म्हटल्यावर हातचं काही राखत नाही.

चौथ्या दिवशी समर्थ आला तो एकटाच. पेटीकडे न बघता म्हणाला, "आजी, एक प्रॉब्लेम आहे. फ्लाइटला वजन बसत नाहीये."

"किती जास्त होतंय?"

"नाही, म्हणजे... तो डबा आहे ना, त्यात या अँपचा साउंड पूर्ण कॅप्चर झालाय. सेम टू सेम. एकशे एक टक्के. मग हे आतलं न्यायची गरज नाही. फक्त कॅबिनेट स्टेजवर पाहिजे. लुकसाठी. तर तुम्ही आतलं काढून द्याल का?"

सुंदराबाईंनी हातातली पकड खाली ठेवली.

"आणि समोरच्या जाळीमागे एक दिवा. केशरी. व्हॉल्व्हसारखा."

"आणि बिघडलं तर?"

"दिवा?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मी कशाला येणार मग, ते विचारतेय."

पोरानं केसांतून हात फिरवला. "आजी, तुम्ही आमच्यासोबत असणारच. म्हणजे, स्पिरिटमध्ये."

"स्पिरिट आमच्याकडे सोल्डर पुसायला असतं," सुंदराबाई म्हणाल्या. "संध्याकाळी ये."

त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. दीक्षा आजही म्हणते. पण त्यांचा विचार असा, की आपण नाही काढलं तर दुसरा कुणी पकडीनं ओढून काढेल, तार तोडेल. म्हणून एकेक सांधा सोडवून त्यांनी सगळं बाहेर घेतलं आणि ट्रान्सफॉर्मर धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून ठेवला. मग दिवा. दिवा नुसता लावला असता तर चाललं असतं. पण वाईट काम या बाईंच्या हातून होतच नाही, हा त्यांचा शापच म्हणायचा. बटण दाबल्याबरोबर भक्कन पेटणारा दिवा त्यांना बघवेना. व्हॉल्व्ह असा पेटत नाही. आधी मंद तांबूस होतो, मग हळूहळू उजळतो. त्यांनी तशी जोडणी केली. चार दिवे केले, प्रत्येकाचा उजेड किंचित वेगळा. समर्थ बघून म्हणाला, "बाप रे आजी, ओरिजिनलपेक्षा भारी!"

दौऱ्याची सुरुवात पुण्यातच होती, रविवारी संध्याकाळी, मुंढव्याच्या एका मैदानावर. दोन पास आले. दीक्षा नको म्हणत असताना सुंदराबाई गेल्या. आपल्याला काय वाटतंय ते त्यांना जागेवर जाऊन बघायचं होतं.

स्टेजवर पेटी मधोमध. दिवे सावकाश उजळले तसा लोकांतून हुंकार उठला. शेजारचा एक दाढीवाला मुलगा वाकून आपणहून समजावू लागला, "बघा आजी, ते ग्लो होतंय ना, ते व्हॉल्व्ह. आता असं कुणी बनवत नाही."

"हो का," सुंदराबाई म्हणाल्या.

आवाज आला. तोच, दाट, कडेला फाटलेला. एकशे एक टक्के. त्यांना वाटलं होतं की फरक तरी कळेल. त्यांच्या कानाला फरक कळला नाही.

दोन गाण्यांनंतर ऋतुजा माइकपाशी आली. "नो लॅपटॉप! नो डिजिटल! हा अँप कसबा पेठेत एका सत्तर वर्षांच्या आजीनं हातानं वाईंड केलाय! सुंदराबाई ओव्हाळ! से हर नेम!"

तीन हजार पोरांनी पूर्ण नाव घेतलं. आडनावासकट. दोनदा.

दीक्षानं आजीचा दंड धरला.

कार्यक्रम संपल्यावर सुंदराबाई स्टेजमागे गेल्या. ऋतुजा धावत आली, गळ्यात पडली. "आजी! ऐकलं ना? कसं वाटलं?"

"माझं नाव काढ."

"काय?"

"पेटी रिकामी आहे. तिच्यावर माझं नाव घ्यायचं नाही. पुढच्या गावात घेऊ नकोस."

"आजी, हे ट्रिब्यूट आहे तुम्हाला! लोकांना स्टोरी लागते." मग जरा ओशाळून, "आणि टी-शर्ट छापून झालेत. सातशे."

एक टी-शर्ट तिनं त्यांच्या हातात दिला. पाठीवर शहरांची रांग, खाली क्रू. पहिलं नाव सुंदराबाईंचंच होतं. पोरांनी शब्द पाळला होता.

रिक्षात दीक्षा पेटली होती. "मी लिहिते आज. नाव घेऊन लिहिते. अख्खी पेटी पोकळ आहे म्हणून सांगते सगळ्यांना."

"आणि दिवे कुणी लावले म्हणून सांगशील?"

दीक्षानं फोन पर्समध्ये टाकला.

"मीच लावले ना गं. चांगले लावले," सुंदराबाई म्हणाल्या.

महिनाभरात दुकानाच्या पायरीवर पोरं येऊ लागली. पिंपरीची, हडपसरची, एक जण तर साताऱ्याहून. सगळ्यांचे केस लांब आणि सगळ्यांकडे एकेक पोकळ पेटी. शिलाँगचे व्हिडिओ त्यांनी बघितले होते, आणि आतले दिवे कुणी बसवले ते कॉपर लेनच्या पोरांकडून कळलं होतं. तार गुंडाळून द्या, असं एकही म्हणाला नाही.

परवा दोघं आले तेव्हा सुंदराबाई एका म्हाताऱ्या मास्तरांचा रेडिओ उघडून बसल्या होत्या.

"सुंदराबाई ओव्हाळ इथंच ना? ते स्लो ग्लोवाले दिवे बसवतात त्या?"

त्यांनी मान वर केली नाही. या वेळी त्या काहीच मोजत नव्हत्या.

"त्या नावाचं इथं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "पेटी उचला, वाट अडतेय."