वडिलांची सहा काडतुसं

वडिलांना नागपूरला माझ्याकडे न्यायचं ठरलं, तेव्हा घरातल्या सगळ्या वस्तूंचं काय करायचं ते ठरलं होतं. फक्त बंदूक राहिली होती. दोन नळ्यांची, बारा बोअरची ही बंदूक त्यांनी पीक-संरक्षणाच्या परवान्यावर घेतली होती. पीक भाताचं, आणि भीती रानडुकरांची. पूर्णा गावाजवळच्या त्या शेतांवर आता गोदामं उभी आहेत. आमच्या मागच्या पडवीत बसलं की समोर पत्र्याची लांब निळी भिंत दिसते. परवान्याचं नूतनीकरण मात्र वेळच्या वेळी होत राहिलं.

वर्तमानपत्रात काम केल्यामुळे नियम आधी विचारून घ्यायची सवय आहे. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने सांगितलेलं मी लिहून घेतलं. बंदूक आणि काडतुसं सामानाच्या ट्रकमधून पाठवायची नाहीत, ती परवानाधारकाबरोबरच जातील. बंदूक रिकामी आणि कव्हरमध्ये, काडतुसं वेगळ्या कुलूपबंद डब्यात, मूळ परवाना जवळ. पत्ता बदलल्याचं निघताना या ठाण्यात आणि पोहोचल्यावर तिथल्या ठाण्यात कळवायचं. ट्रकवाल्यांच्या छापील अर्जातही गॅस सिलिंडर, फटाके आणि काडतुसं सामानात नाहीत असं लिहून द्यावं लागतं. त्याखाली सकाळीच मी सही केली होती.

ट्रक अकरा वाजता निघाला. दापोड्याच्या गोदामात त्यात आणखी एका कुटुंबाचं सामान चढणार होतं आणि चार वाजता तो नागपूरकडे सुटणार होता.

मग मी काडतुसं मोजली. परवान्यावर शिल्लक सहा, डब्यातही सहा. एक उचलून कुलपाच्या डब्यात टाकताना ते हलकं लागलं. पितळी बुडाच्या मध्यभागी बंदुकीचा घोडा आपटल्याचा खड्डा होता, म्हणजे ते कधीच उडवलेलं होतं. तोंडाशी मेणबत्तीचं मेण ओतून ते बंद केलेलं होतं. बाकीची पाचही तशीच होती.

वडील पडवीत बसले होते. गेली दोन वर्षं त्यांना कालचं आठवत नाही, आणि जुनं मात्र आज घडल्यासारखं आठवतं.

"काय शोधतंस?"

"काडतुसं, बाबा. भरलेली."

"डब्यान हायेत ना सा."

"ती रिकामी आहेत."

"मंग तुझ्या आयला इचार. तिनंच ठेवलीत."

आईला जाऊन आठ महिने झाले होते. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. विचार करून नव्हे, हाक मारायच्या आधी माणूस पाहतो तसं पाहिलं. खोली रिकामी होती. फडताळावर डब्यांच्या बुडांचे गोल डाग होते.

शेजारच्या चुलतीला विचारलं. ती हसली.

"आरं, तिनंच बदलली. तुझा बाप रोज तिन्हीसांजेला पडवीन बसायचा, बंदूक भरून. गोदामाचा वॉचमन बॅटरी मारायचा, की ह्यो उठायचा. म्हनायचा, डुकरां आली. एक दिस बार टाकला असता, म्हंजे? तिनं त्याला जुनी उडवलेली भरून दिली. त्याला डोल्यानं दिसतं कुठं?"

"आणि खरी?"

"पावसाल्यान कुठं ठेवायची ती? तांदलान. वल लागत न्हाय. येवढा पेपरवाला तू, जगाची खबर तुला, आन आयच्या डब्यान काय हाय ते न्हाय ठावं."

आमच्याकडे घर हलवताना तांदळाचा डबा सगळ्यांत आधी चढवतात. सकाळी तो मीच उचलून हमालाच्या हातात दिला होता. म्हणजे माझ्या सहीखाली सहा जिवंत काडतुसं ट्रकच्या तळाशी होती. रस्त्यात तपासणी झाली असती तर पहिला हात ड्रायव्हरच्या दंडावर पडला असता.

परवाना माझ्या नावावर नव्हता. काडतुसं मी उचलणं बरोबर नव्हतं, म्हणून बंदूक, कुलपाचा डबा आणि परवाना घेऊन वडिलांनाही गाडीत बसवलं. दापोड्याला पोहोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते आणि ट्रक अर्ध्याहून जास्त भरला होता.

"तांदळाचा डबा काढायचा आहे," मी ड्रायव्हरला म्हणालो.

"क्या साहब, नागपूर में चावल नहीं मिलता?" तो हसून म्हणाला. हमालही हसले.

मी त्याला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. त्याचं हसू गेलं. "पकडा जाता तो बोलता कौन? आप? मेरे दो बच्चे हैं, साहब." मग तो स्वतः वर चढला. कपाट, पलंगाच्या फळ्या, शिलाई मशीन असं सगळं त्याने उतरवलं. डबा खाली आला.

वडिलांनी बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातला. शोधावं लागलं नाही. हात सरळ तिथेच गेला. लुगड्याच्या पट्टीत बांधलेली पुरचुंडी वर आली.

"हे तिचं हाय," पट्टी चाचपून ते म्हणाले. गाठ सोडली. एक काडतूस तळहातावर घेऊन बराच वेळ तोललं. "ही आपली न्हाईत. आपली हलकी हायेत."

मी परवान्यावरचा आकडा वाचून दाखवला. ते नाही म्हणून मान हलवत राहिले. ड्रायव्हर खाली बघत होता. आईने केलेली फसवणूक त्यांच्या हाताला खरी झाली होती, आणि ती आता फक्त मला मोडता येत होती. मी मोडली नाही. रिकामी मी घरीच काढून ठेवली होती; भरलेली सहाही त्यांच्याच हाताने कुलपाच्या डब्यात ठेवून कुलूप लावून घेतलं.

ठाण्यात मी पत्ता बदलल्याचं कळवायला जाणार होतो. वाटेत ठरवलं की बंदूक आणि काडतुसं तिथेच जमा करायची. नागपूरच्या फ्लॅटमध्ये डब्याची किल्ली त्यांच्याकडे असणार होती, आणि आईसारखं काडतुसं बदलून ठेवणारं तिथे कोणी नव्हतं. पण जमा करायला अर्जावर सही त्यांचीच हवी होती.

हवालदाराने नळ्या तपासल्या, काडतुसं मोजली, परवान्याशी ताडून पाहिली. अर्ज वडिलांसमोर सरकवला. वडिलांनी पेन घेतलं नाही.

"बाबा, सही करा. मग निघायचं," मी म्हणालो.

"आन राखन? आज राखन कोन करनार?"

मी पेन उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"आम्ही आहोत ना, बाबा," हवालदार म्हणाला. "चोवीस तास ड्युटी असते आमची."

"डुकराला बॅटरी मारू नको. बुजतो तो, आन आंगावर येतो."

"नाही मारणार."

वडिलांनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. हवालदाराने पावती फाडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न वाचताच माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "तुझ्या आयकडं दे. ती ठेवील."

मी ती खिशात ठेवली.