दाराजवळची जागा

बसायच्या आधी ती दार बघायची. माझ्या जीपच्या मागच्या दारावर पंजा ठेवून एकदा बाहेर ढकलायची आणि मगच त्याला लागून बसायची. बाईमाणूस म्हणून मी मधली सीट द्यायचो. "नको तात्या," ती म्हणायची, "दाराजवळच बरं."

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. त्यांच्या सवयींना आपण हसतो. मी तर भरल्या जीपला हसवायचो.

नव्वदच्या दशकात मी लासुर्णे ते बारामती वडाप, म्हणजे सीटवर माणसं भरून जीप, चालवायचो. ती लासुर्ण्याचीच, वडील फिटर. विमानात नोकरीला लागलेली आमच्या भागातली मला माहीत असलेली पहिली मुलगी. तेव्हा खाजगी विमान कंपन्या नव्यानं निघत होत्या आणि तशाच बुडतही होत्या. तिची बुडाली. ती परत आली आणि बारामतीत एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेऊ लागली. पण जीपमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला अजून मान झुकवून "या" म्हणायची. एका म्हातारीनं विचारलं, चहा कधी मिळायचा? "आधी पट्टा बांधा," ती म्हणाली. पट्टा सोडाच, माझ्या जीपला धड सीट नव्हती.

कंपनी कशी बुडाली ते तिनं एकदाच सांगितलं, मी पंक्चर झालेलं चाक बदलत होतो तेव्हा. पगार थांबायच्या आधी दुरुस्त्या थांबल्या म्हणे. एक विमान उभं करायचं आणि त्याचं सामान काढून दुसऱ्याला बसवायचं. ही प्रवाशांपुढं हसत उभी राहायची आणि पाठीमागं हात नेऊन दाराची कडी चाचपायची. मग एका सकाळी वॉचमननं कुणालाच गेटच्या आत सोडलं नाही.

"भ्यायला मी तितं शिकली, तात्या," ती म्हणाली. मग माझ्या जीपच्या मागच्या दाराकडं बघून, "तुमचंबी तसंच चाललंय."

त्या दाराची कडी तुटली होती. बसवू बसवू म्हणत मी दार बाहेरून काथ्याच्या दोरीनं गच्च बांधायचो. ती ताडपत्रीच्या फटीतून हात काढून माझी गाठ सोडायची आणि ओढली की सुटेल अशी सरकगाठ मारायची. माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा आवळायचो. हा खेळ रोजचा.

उसाच्या हंगामातली एक संध्याकाळ. अंधारून आलेलं. निघताना ती म्हणाली, "आज तेवढी गाठ ढिली ठेवा. कालव्याला पाणी सुटलंय."

"बाई, तुझं इमान बंद पडलं," मी म्हणालो. "माझी गाडी चालू हाय."

सगळी जीप हसली. ती हसली नाही.

समोरून उसाची ट्रॉली आली. मी कालव्याच्या अंगाला घेतलं आणि कड ढासळली. जीप आडवी होऊन पाण्यात गेली. माझं दार वरच्या बाजूला आलं. मी कसा निघालो ते आठवत नाही. मागं वळून पाहिलं नाही, एवढं आठवतं. काठावरच्या बाभळीमागं जाऊन उभा राहिलो.

तिथून तिचा आवाज ऐकला. "सामान सोडा. हात धरा. पुढं चला." आरडाओरडा नव्हता, जणू सकाळचं "या" म्हणत होती. निघताना तिनं पुन्हा सरकगाठ मारून दोरीचं टोक आत ओढून ठेवलेलं असणार. दार उघडलं होतं. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून ती मोजत होती आणि काठाकडं लोटत होती. मग तिनं पुन्हा मोजलं.

"डायवर राहिला," ती म्हणाली.

मी हितं हाय, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. आणि ती त्या दारातून परत पाण्यात गेली.

वर आली, श्वास घेतला, पुन्हा गेली. जीप हळूहळू खाली बसत होती. ट्रॉलीवाले बॅटरी घेऊन धावत आले तेव्हा कुठं माझे पाय हलले. मी उतरून तिचं मनगट धरलं आणि ओढलं. उजेडात लोकांना दिसलं ते तेवढंच.

डायव्हर शेवटपर्यंत आत होता, त्या पोरीलाही त्यानंच काढलं, असं गावोगाव पसरलं. मी नाही म्हणालो नाही. दोरीचं कुणी विचारलं असतं तर लायसन गेलं असतं. माझा सत्कार झाला. शाल खांद्यावर घेताना माझं लक्ष तिच्याकडं होतं. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. आता उठेल, आता बोलेल, या भीतीनं मी शाल सावरत राहिलो.

कार्यक्रम संपल्यावर ती जवळ आली. हळूच म्हणाली, "सीट चाचपली मी. दोनदा." आणि मग, "तुमी आत न्हवता. बरं झालं."

त्यात टोमणा होता का, मी खूप वर्षं शोधत राहिलो. नव्हता.

पुढं तिला मुंबईत दुसऱ्या विमान कंपनीनं घेतलं. तीही बंद पडल्याचं कानावर आलं. नंतर तिची काहीच खबर नाही. आता टीव्हीवर एखादी कंपनी बुडाल्याचं दाखवतात. बंद गेटबाहेर गणवेशातल्या पोरी उभ्या असतात. ती आता पन्नाशी ओलांडून गेली असेल, तरी मी तिचा चेहरा शोधतो.

मला ती दिसते ती मात्र पाण्यात. केसांतून पाणी निथळतंय, माणसं मोजून झालीत, एक कमी भरतोय, आणि ती वळतेय.

मी हितं हाय, पोरी. बाभळीमागं.